फिश सपर, वन ऑफ ईच, वन अँड वन: ब्रिटन-आयर्लंडमध्ये तळलेला मासा आणि बटाटे नेमके कसे मागावेत

एडिनबरोमध्ये मी पहिल्यांदा फिश अँड चिप्स घ्यायला गेलो, तेव्हा फळ्यावर मला हवा असलेला शब्दच दिसेना. तिथे एका ओळीत ‘हॅडॉक सपर’ लिहिले होते आणि खालच्या ओळीत ‘हॅडॉक सिंगल’. मी एकटाच होतो, सिंगलची किंमतही कमी होती, म्हणून एका माणसापुरता पदार्थ असेल असे समजून मी सिंगल मागितले. कागदाची घडी उघडली तर आत फक्त मासा निघाला, बटाट्याचा एक तुकडाही नव्हता. स्कॉटलंडमध्ये ‘सिंगल’ म्हणजे चिप्सशिवाय आणि ‘सपर’ म्हणजे चिप्ससह, ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. दुकानदाराची काहीच चूक नव्हती. मी जे मागितले तेच त्याने दिले.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला येणाऱ्या, किंवा मुलांकडे काही महिने राहायला येणाऱ्या मराठी माणसांसाठी हा लेख आहे. फिश अँड चिप्स हे नाव सगळीकडे समजते, त्यामुळे उपाशी राहण्याची वेळ येत नाही. मात्र या पदार्थाचे प्रत्येक भागातले नाव म्हणजे दुकानदाराला दिलेली सूचना असते. कोणता मासा, किती चिप्स, वर काय घालायचे, हे त्या नावात आणि त्यामागून येणाऱ्या दोन-तीन प्रश्नांत ठरून जाते. शिवाय तळण कशातले आहे, हा आपल्यापैकी अनेकांसाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुकानदार आपणहून विचारत नाही. तो आपणच विचारावा लागतो.

सुरुवातीला एक शब्द मनात पक्का करून घ्यावा. आपल्याकडे चिप्स म्हटले की डोळ्यांसमोर पाकिटातले वेफर्स येतात. ब्रिटनमध्ये त्यांना ‘क्रिस्प्स’ म्हणतात. तिथे चिप्स म्हणजे बटाट्याचे बोटाएवढे जाड, बाहेरून सोनेरी आणि आतून उकडल्यासारखे मऊ तुकडे. बर्गरच्या दुकानातल्या बारीक, कुरकुरीत फ्राइज वेगळ्या. चिपीतली, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानातली, चिप थोडी लिबलिबीत असते आणि ती तशीच असायला हवी.

पहिली पायरी: दुकान ओळखा

इंग्लंडच्या बहुतेक भागांत या दुकानाला ‘चिपी’ म्हणतात. आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबर्डीनच्या बाजूला, त्यालाच ‘चिपर’ म्हणतात. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात पाटीवर अनेकदा ‘फिशरीज’ असे लिहिलेले असते. तिथे कच्चे मासे मिळत नाहीत, ते तळणाचेच दुकान असते. याच भागातली जुनी माणसे ‘चिप ऑइल’ म्हणतात. त्यातल्या ‘ऑइल’चा तेलाशी काही संबंध नाही. ‘होल’ या शब्दाचा तो स्थानिक उच्चार आहे आणि त्याचा अर्थ चिप्सचे छोटेसे खोपटे असा होतो.

दुकान दिवसभर उघडे असेल असे गृहीत धरू नये. अनेक ठिकाणी दुपारी जेवणाच्या वेळी दोन-तीन तास आणि मग संध्याकाळी साडेचार-पाचनंतर तळण चालते, आणि रविवारी बरीच दुकाने बंद असतात. शुक्रवारी संध्याकाळी रांग लागते, कारण शुक्रवारी मांस न खाता मासा खाण्याची ख्रिस्ती, विशेषतः कॅथलिक, प्रथा या देशांत खोलवर रुजलेली आहे. अशा वेळी थांबावे लागले तरी तोटा नाही. गर्दी असली की मासा कढईतून निघून थेट आपल्या कागदात येतो.

दुसरी पायरी: पदार्थाचे तिथले नाव घ्या

हा पदार्थ कधी जन्मला, यावर इंग्लंडमध्येच वाद आहे. लंडनच्या पूर्व भागात जोसेफ मालिन या ज्यू व्यावसायिकाने 1860च्या सुमारास मासा आणि चिप्स एकत्र विकायला सुरुवात केली, असे लंडनवाले सांगतात. तर लँकशरमधल्या मॉसली या गावात जॉन लीस यांनी 1863च्या सुमारास बाजारातल्या लाकडी खोपटात हाच धंदा सुरू केला, असे उत्तरेकडचे लोक सांगतात. मला हा वाद सोडवण्यात रस नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते: हा पदार्थ दोन वाटांनी आला. पिठात घोळवून तेलात तळलेला मासा ही इबेरियातून, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधून, आलेल्या सेफार्दी ज्यूंची रीत, आणि तळलेले बटाटे हे उत्तरेतल्या गिरणगावांचे स्वस्त, पोटभरीचे खाणे. वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर बोटी आणि रेल्वे यांमुळे हल आणि ग्रिम्झबी या बंदरांतला मासा आतल्या गावांत ताजा पोहोचू लागला आणि दोन्ही वाटा जागोजागी एकत्र आल्या. एकाच पदार्थाला इतकी नावे का पडली, याचे उत्तर मला या जागोजागच्या जन्मातच दिसते.

स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये ‘फिश सपर’ म्हणावे. सपर म्हणजे रात्रीचे जेवण, पण चिपीत या शब्दाचा अर्थ ‘चिप्ससह’ एवढाच उरला आहे, आणि तो दुपारी बारा वाजताही चालतो. त्यामुळे कोणत्याही पदार्थामागे सपर जोडता येते: सॉसेज सपर, हॅगिस (मेंढीचे काळीज-फुप्फुस आणि ओट यांचे सारण) सपर, बेलफास्टमध्ये पेस्टी (पिठात बुडवून तळलेली खिमा-बटाट्याची वडी) सपर. चिप्स नको असतील तरच ‘सिंगल’ म्हणावे.

इंग्लंडच्या उत्तरेत घराघरांतून ‘चिपी टी’ हा शब्द ऐकू येतो. तिथे ‘टी’ म्हणजे चहा नव्हे, तर संध्याकाळचे जेवण. एखाद्या सहकाऱ्याने ‘आज आमच्याकडे चिपी टी आहे, ये’ असे म्हटले तर चहाच्या अपेक्षेने पोट भरून जाऊ नये. मात्र हा शब्द घरातला आहे, दुकानात मागणी करताना वापरायचा नाही. यॉर्कशरमध्ये दुकानात ‘वन ऑफ ईच’ म्हणतात, म्हणजे एक मासा आणि एक भाग चिप्स. दोघांसाठी हवे असेल तर ‘फिश अँड चिप्स ट्वाइस’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ‘ट्वाइस’ म्हणजे दोनदा. आपल्या कानाला ते विचित्र वाटते, पण गल्ल्यावरच्या माणसाला त्यातून लगेच हिशेब कळतो. जुन्या पिढीच्या तोंडी ‘अ फिश अँड अ पेनर्थ’ असेही येते. पेनर्थ म्हणजे एका पेनीत येतील एवढ्या चिप्स. पेनीला चिप्स मिळण्याचे दिवस केव्हाच गेले आणि आज एका माणसाच्या जेवणाला साधारण दहा पौंडांच्या आसपास मोजावे लागतात, तरी शब्द टिकून आहे.

डब्लिनमध्ये मात्र ‘वन अँड वन’ म्हणतात, आणि या नावाची कहाणी मला सर्वांत जवळची वाटते. 1880च्या दशकात ज्युसेप्पे चेर्वी नावाचा एक इटालियन माणूस डब्लिनमध्ये हातगाडीवर हा पदार्थ विकू लागला. त्याची पत्नी पाल्मा हिला इंग्रजी जेमतेम येत असे, म्हणून ती गिऱ्हाइकाला बोटाने दाखवून इटालियनमध्ये ‘यातले एक, त्यातले एक?’ असे विचारत असे, आणि त्यावरून लोकच ‘वन अँड वन’ मागू लागले, असे डब्लिनचे लोक सांगतात. आजही आयर्लंडमधल्या अनेक चिपर-घराण्यांचे मूळ रोमच्या दक्षिणेला असलेल्या कासालात्तिको या एका छोट्या गावात सापडते. स्कॉटलंडमध्येही हा धंदा मोठ्या प्रमाणावर इटालियन कुटुंबांनी वाढवला. त्यांतली बरीच तोस्कानातल्या बार्गा या गावातली होती. परक्या देशात भाषा न येणाऱ्या बाईच्या प्रश्नावरून पदार्थाचे नाव पडावे, हे नव्याने परदेशी आलेल्या माणसाला फार धीर देणारे आहे. उच्चार चुकला तरी बोटाने दाखवावे. तिथली परंपराच तशी आहे.

लंडनमध्ये आणि दक्षिण इंग्लंडमध्ये असे खास नाव नाही. तिथे माशाचे नाव घेऊन ‘कॉड अँड चिप्स’ असे म्हणावे.

तिसरी पायरी: मासा कोणता ते विचारा

नुसते ‘फिश’ म्हटले की लँकशर आणि लंडनमध्ये बहुधा कॉड मिळतो. यॉर्कशर आणि स्कॉटलंडमध्ये हॅडॉक. कॉडचा तुकडा जाड असतो आणि काटा लावला की त्याच्या मोठ्या पांढऱ्या पाकळ्या सुटतात. हॅडॉक किंचित पातळ, किंचित गोडसर असतो, आणि दोन्हींत निवड करायची झाल्यास मी हॅडॉक घेईन, कारण पातळ तुकड्यात पिठाचे आवरण आणि मासा यांचे प्रमाण चांगले जमते. दोन्हींचे तुकडे काटे काढलेले असतात, तरी लहान मुलांना देताना एकदा हाताने मोडून पाहावे. काही दुकानांत मासा कातडीसह तळतात; नको असेल तर आधी सांगावे.

सुरमई, पापलेट किंवा हलव्याची सवय असलेल्या माणसाला हा मासा पहिल्या घासाला फिका वाटेल, कारण त्याला हळद, तिखट, कोकम असे काहीच लावलेले नसते. चव बाहेरच्या कुरकुरीत आवरणात आणि वरच्या मीठ-व्हिनेगरमध्ये असते. रव्याच्या तुकडीशी तुलना न करता तो वेगळा पदार्थ म्हणून खाल्ला तर आवडू लागतो.

लंडन आणि केंट-ससेक्सच्या बाजूला फळ्यावर ‘रॉक सॅल्मन’, ‘रॉक’ किंवा ‘हस’ असे दिसले तर तो सॅल्मन नसतो. ती लहान जातीची शार्क असते, म्हणजे आपल्याकडच्या मुशीची नातलग. कोकणातल्या माणसाला तिची ओळख पटायला वेळ लागत नाही: मधोमध एकच मऊ कूर्चेचा कणा, बारीक काटे नाहीत, मांस घट्ट. मुशी हे नाव ऐकून लोकांनी नाक मुरडू नये म्हणून सॅल्मनचे नाव लावले गेले. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र या शार्कच्या काही जातींची संख्या फार घटलेली आहे, म्हणून मी स्वतः ती मागवत नाही. डब्लिनच्या चिपरमध्ये ‘रे’ मिळतो. ते आपले पाकट.

चौथी पायरी: तळण कशातले आहे, हे पैसे देण्याआधी विचारा

ही पायरी कोणीही वगळू नये. यॉर्कशरमध्ये, मिडलंड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, काही भागांत आणि उत्तर इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या दुकानांत मासा आणि चिप्स दोन्ही ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे गाईबैलांच्या वितळवलेल्या चरबीत, तळतात. तिथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे. चव खमंग लागते आणि आवरण जास्त कुरकुरीत होते, असे ते मनापासून सांगतात. हा त्यांचा जुना रिवाज आहे आणि त्यात लपवाछपवी नाही. पण आपल्याला ते माहीत नसते.

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, पूर्ण शाकाहारी. पश्चिम यॉर्कशरमधल्या एका खेड्यात आम्ही थांबलो आणि मी त्यांच्यासाठी नुसत्या चिप्स घेतल्या. बटाटाच तर आहे, असा विचार केला. त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, ‘अहो जावईबापू, हे तूप आहे का? ओठांना थर बसतोय.’ मी मागे वळून पाहिले तर गल्ल्याशेजारी, मीठदाणीच्या मागे, बोटभर उंचीची पाटी होती: येथे पारंपरिक बीफ ड्रिपिंगमध्ये तळले जाते. त्यांनी बाकीच्या चिप्स कागदात गुंडाळून ठेवल्या आणि काही बोलल्या नाहीत. पाटी तिथे होती. वाचायचे काम माझे होते. ती चूक मला अजून बोचते, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

म्हणून आत शिरताच स्पष्ट विचारावे: ‘डू यू फ्राय इन बीफ ड्रिपिंग ऑर व्हेजिटेबल ऑइल?’ हा प्रश्न तिथे रोजचा आहे, कोणाला त्यात अपमान वाटत नाही. उत्तर तेल असे आले तरी कडक शाकाहारी माणसाने दुसरा प्रश्न विचारावा: चिप्सची कढई वेगळी आहे की त्याच तेलात मासे आणि सॉसेजही तळतात? दक्षिणेकडे आणि मोठ्या शहरांत वनस्पती तेल वापरणारी दुकाने पुष्कळ आहेत, आणि ती बहुधा तसे दर्शनी भागात लिहितात. ज्यांना गव्हाची किंवा अन्य कशाची ॲलर्जी आहे, त्यांनीही इथेच विचारावे. ठरवून दिलेल्या 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे तिथल्या दुकानांना कायद्याने बंधनकारक आहे.

पाचवी पायरी: वर काय घालायचे

मासा कागदावर ठेवताच प्रश्न येतो: ‘सॉल्ट अँड व्हिनेगर?’ हो म्हणावे, पण व्हिनेगर जपून घालायला सांगावे. अनेक दुकानांतल्या बाटलीत खरे माल्ट व्हिनेगर नसते. ॲसिटिक ॲसिड, पाणी आणि कॅरामेलचा रंग यांचे ते मिश्रण असते, आणि कायद्याने त्याला व्हिनेगर म्हणता येत नाही. चव तरीही चांगली लागते.

एडिनबरो आणि फाइफच्या बाजूला हाच प्रश्न ‘सॉल्ट अँड सॉस?’ असा येतो. हा टोमॅटोचा सॉस नाही. तो तपकिरी, आंबट-गोड ‘ब्राऊन सॉस’ असतो आणि व्हिनेगर किंवा पाणी घालून इतका पातळ केलेला असतो की चिप्सच्या तळापर्यंत ओघळतो. आपल्या चिंचेच्या चटणीवर वाढलेल्या जिभेला तो लवकर आवडतो. तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगोमध्ये मात्र पुन्हा मीठ-व्हिनेगरच, आणि या एका फरकावरून दोन्ही शहरांतले लोक हिरिरीने वाद घालतात.

यॉर्कशरमध्ये यानंतर ‘स्क्रॅप्स?’ असे विचारतील. वडापावच्या गाडीवर मिळणारा चुरा ज्याने खाल्ला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: तळताना सुटलेले पिठाचे कुरकुरीत कण, जाळीने गोळा करून ठेवलेले आणि बहुतेक ठिकाणी फुकट. लँकशरकडे त्यांना ‘बिट्स’ म्हणतात, आणि दक्षिण वेल्सच्या काही भागांत ‘स्क्रम्प्स’. चुरा मागायला आपण लाजत नाही, तसे इथेही लाजू नये.

सहावी पायरी: फसवणारी नावे

‘फिशकेक’ या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी मासा आणि कुस्करलेला बटाटा यांची वडी असा आहे. यॉर्कशरमध्ये मात्र बटाट्याच्या दोन जाड चकत्यांमध्ये माशाचा तुकडा ठेवून ते सगळे पिठात बुडवून तळतात. भुकेल्या माणसाला स्वस्तात पोटभर हवे असेल तर मी नेहमी हाच सुचवतो. हल शहरात ‘पॅटी’ मागितली तर कुस्करलेला बटाटा आणि सेज नावाचा सुगंधी पाला यांचे तळलेले गोळे मिळतात. बटाटेवड्याच्या जवळ जाणारे, पण तिखटाविना.

‘स्कॅलप’ हा सर्वांत घोटाळ्याचा शब्द. उत्तर इंग्लंड आणि मिडलंड्सच्या चिपीत स्कॅलप म्हणजे पिठात बुडवून तळलेली बटाट्याची चकती. आपली बटाटाभजीच, फक्त जाड आणि बेसनाऐवजी गव्हाच्या पिठातली. पण किनाऱ्यावरच्या हॉटेलात स्कॅलप म्हणजे शिंपल्यातला जीव. म्हणून ‘पोटॅटो स्कॅलप’ असे पूर्ण म्हणावे. स्कॉटलंडमध्ये त्यालाच ‘पोटॅटो फ्रिटर’ म्हणतात.

‘मशी पीज’ म्हणजे सुके हिरवे वाटाणे रात्रभर सोडा घालून भिजवून शिजवलेले, रगड्याइतके घट्ट. बहुधा शाकाहारी असतात. ‘करी सॉस’ पिवळट, गोडसर असतो. त्यात मांसाचा अर्क आहे का, ते विचारावे. ‘ग्रेव्ही’ मांसाच्या रसाची समजूनच चालावे.

चिप्स पावात घालून हव्या असतील तर पावाचे तिथले नाव लागते: मँचेस्टरमध्ये ‘बार्म’, नॉटिंगहॅम-डर्बीकडे ‘कॉब’, शेफील्ड आणि हलमध्ये ‘ब्रेडकेक’, कॉव्हेंट्रीत ‘बॅच’. नाव विसरले तर ‘चिप बटी’ म्हणावे, ते सगळीकडे चालते.

पुढे कधी ऑस्ट्रेलियाला गेलात तर मेलबर्नमध्ये ‘फ्लेक’ म्हणजे पुन्हा मुशीचीच जात, आणि तिथल्या ‘पोटॅटो केक’ला सिडनीत ‘पोटॅटो स्कॅलप’ म्हणतात. न्यूझीलंडमध्ये चिप्स ‘स्कूप’ने मोजून मागतात.

शेवटची पायरी: उघडे की गुंडाळलेले

सगळे झाल्यावर गल्ल्यावरून विचारतील, ‘ओपन ऑर रॅप्ड?’ लगेच, उभ्याने किंवा बाकावर बसून खायचे असेल तर ओपन. पार्सल घरी न्यायचे असेल तर रॅप्ड. छापील वर्तमानपत्रात गुंडाळणे शाईमुळे केव्हाच बंद झाले आहे. आता कोरा कागद असतो. लाकडाचा दोन दातांचा छोटा काटा गल्ल्यावर ठेवलेला असतो, तो आठवणीने घ्यावा. घर दहा मिनिटांहून लांब असेल तर पार्सलच्या वरच्या घडीला बोटाने एक भोक पाडावे, म्हणजे वाफ बाहेर जाते आणि माशावरचे आवरण मऊ पडत नाही. समुद्रकिनारी उघडे घेतले तर पाठ भिंतीला लावून बसावे. सीगल पक्षी मागून येतात आणि अख्खा मासा उचलून नेतात.